मोटारीची गळकी टाकी

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून बाहेर पडलेली ‘पद्मिनी’ 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. तथापि हौसेने ती बाळगणारी मंडळी शहरात आहेत. अशा जुन्या गाडीखाली एके दिवशी पेट्रोलाचा ओला डाग आढळला, तर काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

टाकी बहुधा आतून कुजते. आमच्या दहिसरास खाडी जवळ. येथील दमट हवा अर्धवट भरलेल्या टाकीत शिरते व रात्रीच्या गारव्याने तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. पाणी पेट्रोलाहून जड असल्यामुळे ते तळाशी बसून पत्र्यास गंज चढविते. म्हणून उभ्या असलेल्या गाडीची टाकीच लवकर गळू लागते.

गळती दिसताच छिद्रावर साबणाची कोरडी वडी घासून बसवावी. साबण पेट्रोलात विरघळत नाही. परंतु हा उपाय गाडी इमारतीखालून मोकळ्या जागी ढकलत नेऊन पेट्रोल काढून घेईपर्यंतचाच होय.

पुढे डाख देणारा कारागीर विचारतो, “टाकी रिकामी आहे ना?” आपण निर्धास्तपणे “होय” म्हणतो आणि येथेच घात होतो! जळते ती पेट्रोलाची वाफ. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असले, की एक ठिणगी स्फोटास पुरते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी. रिकाम्या टाकीत मात्र तळाशी राहिलेले चमचाभर पेट्रोलही हे घातक मिश्रण सिद्ध करू शकते. शिवाय ही वाफ हवेहून तिपटीने जड असल्याने जमिनीलगत सरपटत दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते.

यास्तव टाकी उतरवून उघड्यावर साबणाच्या गरम पाण्याने अनेक वेळा धुवावी. नंतर छिद्र वर येईल अशी ठेवून, छिद्राखाली दोन बोटे सोडून पाण्याने भरावी. मगच डाख द्यावा. वेल्डिंग घरी कदापि करू नये. पत्रा बोटाने दाबताच दबत असेल, तर ठिगळाचा मोह सोडून टाकीच बदलावी.

काढलेले पेट्रोल गटारात ओतू नये. वाफ गटारातूनही पसरते आणि ते पाणी अखेर आपल्याच नदीस मिळते. कारागिराने टाकी रिकामी आहे का, असे विचारल्यास ती धुतली आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःस आधी विचारावा, एवढीच विनंती.