मुकी झालेली मोटार



गेल्या आषाढात आम्ही पुण्याहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्यास निघालो होतो. मावळात भातलावणी चालू होती आणि पाऊस मुसळधार होता. कामशेतच्या बोगद्यात शिरताच मोटारीतील नकाशा थांबला. त्याचे आम्हांस नवल वाटले नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचा क्षीण संदेश डोंगर भेदून कसा येणार? पण बोगदा संपला, लोणावळा आले, तरी नकाशा जागचा हलेना. शेजारी ठेवलेला टेलिफोन मात्र आमची जागा बिनचूक दाखवीत होता.

येथेच रोगाचे अर्धे निदान झाले. आभाळ निर्दोष होते. दोष मोटारीत होता.

आजच्या मोटारीत संवादाची एक साखळीच असते. छतावरची आकाशतार, तिची केबल, मोबाइलचे सिम बसवलेली पेटी, तिला वीज पुरवणारी बॅटरी आणि शेवटी कंपनीकडे भरलेली वर्गणी. यांतील एक कडी तुटली तरी मोटार मुकी होते. कारखान्यात आम्हांस सांगण्यात आले की, सारी पेटीच बदलावी लागेल. खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. तेथल्या एका वयस्क कारागिराने मात्र विचारले, "साहेब, हे फक्त पावसातच होते का?" आम्ही आठवून पाहिले, होय, पावसातच! त्याने छताचे अस्तर उतरविले. रबरी कडे झिजून पाणी आत झिरपले होते आणि जोडणीवर हिरवा गंज चढला होता. जोडणी साफ करून वाळविली, नवे कडे बसविले. नकाशा चालू लागला.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवावा. दोष कोठे आणि केव्हा होतो हे आधी टिपावे. दरीत मोबाइलही बंद पडत असेल तर मोटारीला बोल लावू नये. वर्गणीची मुदत पाहावी. गाडी बंद करून, कुलूप लावून काही मिनिटे थांबावे. म्हणजे आतील संगणक झोपून पुन्हा ताजे उठतात. मग बॅटरी, मग जोडण्या, आणि पेटी सर्वांत शेवटी.

कोणी म्हणेल, नकाशावाचून काय अडते? नकाशाचे सोडा. अनेक मोटारींत अपघात होताच आपण होऊन मदत मागण्याची सोय याच पेटीत असते. युरोपात २०१८ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना ती सक्तीची आहे. घाटात धुके दाटले आहे, चालक बेशुद्ध आहे, अशा वेळी ११२ क्रमांक कोण फिरविणार? म्हणून बिघाडाचा दिवा लागला तर तो उद्यावर टाकू नये. आम्ही तो दोन महिने टाकला होता, ही कबुली देऊन आपली रजा घेतो.