नाक आणि ओळख



आम्ही पेशाने शिक्षक. 'नकटी' म्हणून हिणवलेली मुलगी वर्गात मान खाली घालते, हे आम्ही पाहतो. म्हणून नाकाविषयी हे चार शब्द.

१७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडविले. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि १८१४ साली तेथील कार्प्यू या शस्त्रवैद्याने तीच रीत वापरली. गेलेला चेहरा परत मिळावा, एवढाच तिचा हेतू.

१८९८ साली बर्लिनच्या डॉ. जोसेफ यांनी नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे, आपण ज्यू आहोत हे ओळखू येऊ नये, म्हणूनही लोक त्यांच्याकडे जात. खोट पाहणाऱ्यांच्या नजरेत, कापले मात्र नाक!

आजचे जाणते शल्यविशारद सर्वांना एकाच साच्याचे नाक देत नाहीत. अडलेला श्वास मोकळा करतात, मोडलेले सांधतात, आणि घराण्याची ठेवण राखतात.

ज्याला गरज आहे त्याने शस्त्रक्रिया खुशाल करावी. मात्र आजीच्या नाकाची नातीला लाज वाटावी, अशी बोलणी आपल्या घरांतून बंद व्हावीत, एवढीच आमची विनंती.