प्रशिया : एका नांवाची कहाणी



मी शाळेंत इतिहास शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "गुरुजी, पुस्तकांत प्रशिया पानोपानीं आहे, मग आजच्या नकाशांत कां सांपडत नाहीं?" तेवढ्यांत घंटा झाली आणि मी सुटलों. तें राहिलेलें उत्तर आज देतों.

बाल्टिक समुद्राच्या आग्नेय किनाऱ्यावर पूर्वीं प्रशियन नांवाचे लोक राहात असत. ते जर्मन नव्हते. त्यांची भाषा लिथुएनियन भाषेची बहीण होती. तेराव्या शतकांत ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघानें त्यांचा प्रदेश जिंकून तेथें जर्मन वसाहती केल्या. पुढें १५४५ व १५६१ सालीं कोनिग्सबर्ग येथें त्यांच्या भाषेंत प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तिका छापल्या गेल्या. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती भाषा बोलणारें कोणी उरलें नाहीं.

नांव मात्र जेत्यांनीं स्वतःस लाविलें. १४६६ सालीं प्रशियाचा पश्चिम भाग पोलंडच्या राजाकडे गेला, तर पूर्व भाग १६१८ सालीं ब्रांडेनबर्गच्या जर्मन घराण्याकडे आला. त्या घराण्यांतील फ्रेडरिकानें १७०१ सालीं कोनिग्सबर्ग येथें मुकुट धारण केला. परंतु अर्धाच प्रशिया हातीं असल्यामुळें त्यास 'प्रशियाचा राजा' म्हणवितां येईना. 'प्रशियांत राजा' एवढ्यावरच समाधान मानावें लागलें. १७७२ सालीं पोलंडची पहिली फाळणी झाली, पश्चिम भागहि बहुतेक हातीं आला, आणि त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक सप्तमी सोडून षष्ठीवर आला! एका प्रत्ययामागें केवढें राजकारण दडलेलें असतें पाहा.

१८७१ सालीं प्रशियाचाच राजा जर्मनीचा सम्राट झाला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर, २५ फेब्रुवारी १९४७ रोजीं, विजयी राष्ट्रांनीं कायदा करून प्रशिया हें राज्य बरखास्त केलें. कोनिग्सबर्गचें नांव १९४६ सालींच कालिनिनग्राड झालें होतें. तें आज रशियांत आहे.

तो विद्यार्थी ऐकत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें. प्रशियाचें राज्य मोडावयास महायुद्ध व कायदा लागला. त्या नांवाच्या मूळ धन्यांची भाषा मात्र कोणत्याहि कायद्यावांचून, घराघरांतील मुलांच्या तोंडून एकेक शब्द गळत, संपून गेली. नांव दुसरा कोणी उचलून नेऊं शकतो. भाषा आपली आपणच सांभाळावी लागते.