जुन्या मोटारीचा तळ आणि त्यातली ओल

पन्नास वर्षांपूर्वीची मोटार हौसेने सांभाळणाऱ्या घरांत बॉनेटचा रंग, क्रोमचे बंपर आणि सीटची कव्हरे यांचे जेवढे कौतुक होते, त्याचा चौथा हिस्साही गाडीच्या तळाच्या वाट्याला येत नाही, आणि जेव्हा येतो तेव्हा घाईघाईने केलेली धुलाई व तिच्यावर फासलेला काळा लेप एवढ्यावरच काम आटोपते. या दोन कामांच्या मधली जी पायरी हमखास गाळली जाते तिच्याविषयी हे भाषण आहे, आणि ती पायरी म्हणजे तळ पूर्णपणे वाळवणे.

उदाहरणादाखल कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट घेता येईल. या गाडीला विलीज जीपसारखी स्वतंत्र लोखंडी चौकट, म्हणजेच चासी, नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो आणि अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, जिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात, ती या रचनेत भार वाहते. म्हणून ती सडली की दारे नीट लागेनाशी होतात, आणि दुर्लक्ष फारच वाढले तर जॅक लावताच तो पत्र्यात घुसतो. सिलच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात; ती चिखलाने किंवा, त्याहून वाईट म्हणजे, लेपानेच बुजली की आत शिरलेले पाणी आतच राहते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आतले काम झालेले असते.

लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि कोकणपट्टीच्या हवेत असते तसे मीठ पाण्यात मिसळले की ही क्रिया झपाट्याने वाढते. मडगार्डच्या आतल्या कडेला किंवा पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, टोकाशी साचलेला चिखल ही ओल कित्येक दिवस धरून ठेवतो, त्यामुळे चिखल काढणे आवश्यकच आहे. मात्र तो काढण्यासाठी वापरलेले पाणी मागे राहिले तर धुलाईने गाडीचे हित होण्याऐवजी अहितच होते.

ज्या घरात लोणचे घातले जाते त्या घराला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. बरणी धुतली जाते, उन्हात ठेवली जाते, आतून कोरडी ठणठणीत झाल्याची खात्री केली जाते आणि मगच तीत लोणचे भरून वर तेल सोडले जाते, कारण आत राहिलेली ओल तेलामुळे निघून जात नाही, उलट तेलाखाली कोंडली जाते आणि लोणचे तिथूनच नासते. तळावरचा डांबरी लेप हे बरणीतले तेल आहे. ते हवे, भरपूर हवे, पण कोरड्या बरणीतच हवे. शिवाय एकदा नीट भरलेल्या बरणीतही ओला चमचा चालत नाही, तशी पावसात भिजून आलेली गाडी लगेच कव्हरखाली झाकून ठेवलेली चालत नाही. जी गृहिणी ओल्या चमच्यावरून घर डोक्यावर घेते तिच्याच दारात गाडी ओलेत्याने झाकलेली असावी, हे खेदाचे आहे.

प्रत्यक्ष कामात गाडी केवळ जॅकच्या भरवशावर उचलून कोणीही तिच्याखाली शिरू नये. भक्कम घोड्यांवर, म्हणजे ठरावीक उंचीच्या लोखंडी आधारांवर, ती टेकवलेली असावी. सुका चिखल आधी लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढावा, नंतर कमी दाबाचे पाणी आणि सौम्य साबण वापरावा. सर्व्हिस स्टेशनवरचा जोराचा फवारा जुन्या गाडीवर मारू नये, कारण तो चिखलाबरोबर पाणीही सांध्यांत, बेअरिंगमध्ये आणि डिफरन्शियलच्या श्वासनळीत, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक छिद्रात, ढकलतो; डिफरन्शियलचे तेल पुढे दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. डिझेल किंवा रॉकेल मारण्याची जुनी रीतही सोडावी, कारण रबरी बुश त्याने फुगतात व मऊ पडतात. ब्रेकच्या ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसास घातक आहेत.

यानंतर वाळवण. सिलची भोके तारेने मोकळी करावीत, त्यांतून ब्लोअरची हवा सोडावी, आतले रबरी मॅट आणि त्याखालचा नमदा उचलून बाहेर काढावा (निम्मी ओल तिथेच दडलेली असते), आणि दारे उघडी ठेवून गाडीला कडक ऊन द्यावे. ऑक्टोबरचे ऊन या कामाला उत्तम. मग पेचकसाच्या मुठीने पत्रा ठिकठिकाणी ठोकून पाहावा: जिथे आवाज खणखणीत येतो तिथे पत्रा शाबूत असतो, जिथे बद्द येतो तिथे लेपाखाली गंज असतो आणि तेवढा लेप खरवडून काढावाच लागतो. ग्रीस निपलमध्ये नवे ग्रीस भरताना आतले पाणी व जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ते भरत राहावे. लेपाचा क्रम या सगळ्यानंतर येतो, आधी नाही; हे पुन्हा सांगावे लागते, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात ओल्या तळावर लेप मारून घेण्यासाठी गॅरेजांपुढे रांगा लागतात.

गंजाचे काळ्या, टिकाऊ संयुगात रूपांतर करणारी टॅनिक आम्लाची द्रावणे कुठे वापरावीत आणि कुठे नाही, हा विषय येथे घ्यावयाचा होता, परंतु नेमून दिलेली वेळ संपत आली असल्याने तो राहिला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण सडून गेलेला मूळ पत्रा कोणत्याही नोंदणीने परत येत नाही. ज्या श्रोत्यांच्या गाडीच्या तळावर यंदा लेप मारावयाचा आहे, त्यांनी गॅरेजवाल्याला दर विचारण्याआधी लेपापूर्वी गाडी किती दिवस वाळवणार हे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी घरी परत आणावी.