मनी गेली तेव्हा



मागच्या महिन्यात माझी मनी मांजर गेली. नऊ वर्षं घरात होती. तुरीच्या पोत्यांजवळ उंदरांचं औषध मीच ठेवलं होतं. ते खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला असावा. दिवस मावळेपर्यंत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब लिहिताना माझे डोळे भरून आले. कुणीतरी हसून म्हणालं, "मांजरीसाठी रडता, ताई?" मी मान खाली घातली. तेव्हा आमच्या एक काकू म्हणाल्या, "आमचा बैल गेला त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. मनीचाही जीवच व्हता ना, माय?"

खरं आहे. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवतो. मांजरीचा सण नाही, पण धान्य तीही राखते. प्राचीन इजिप्तमध्ये घरातली मांजर मेली की घरचे लोक दुःखानं भुवया काढत, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

मनीला परसात कडुनिंबाखाली पुरलं. लेकीनं वर झेंडूचं फूल ठेवलं. 'दुसरी आणू' असं मी तिला म्हटलं नाही, नुसती जवळ बसले. आता मी उंदरांसाठी पिंजरा लावते. तुम्ही औषध ठेवत असाल, तर मेलेला उंदीर लगेच खोल पुरा.

आणि गटातल्या कुणाचं मुकं जनावर गेलं, तर हसू नका. दोन मिनिटं तिचं ऐकून घ्या.