सोर्सेस लिस्टमध्ये फक्त एक ओळ वाढवली होती

मागच्या भागानंतर जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न बऱ्याच जणांचा होता. डेबियनवर सॉफ्टवेअर जुनंच मिळतं, नवीन हवं असेल तर सोर्सेस लिस्टमध्ये सिडची एक ओळ टाका, असं व्हिडिओत सांगतात. टाकू का?

थांबा. आधी माझी गोष्ट ऐका.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. लॅपटॉपवर डेबियन 12, म्हणजे बुकवर्म. दुसऱ्या दिवशी सबमिशन. प्रोजेक्टचा व्हिडिओ माझ्या पार्टनरने केडेनलाइव्हच्या नव्या व्हर्जनमध्ये एडिट केला होता आणि माझ्या जुन्या व्हर्जनमध्ये ती फाइल उघडेना. मग काय, एक व्हिडिओ बघितला, सिडची ओळ टाकली, अपडेट मारलं, इन्स्टॉल म्हटलं. टर्मिनलवर ही लांबलचक यादी आली. खाली प्रश्न, पुढे जायचं का? वाय, एन्टर. त्या यादीत मधोमध एक भाग होता, कुठली पॅकेजेस काढून टाकली जातील ते सांगणारा. मी तो वाचलाच नाही.

रीस्टार्ट केल्यावर काळा स्क्रीन. त्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त लॉगिन. डेस्कटॉप गेला होता! रात्रीचा दीड वाजलेला. रूममेटच्या फोनवर कमांड शोधत शोधत पेनड्राइव्ह माउंट केला, प्रोजेक्टचं फोल्डर त्यावर घेतलं आणि पहाटे सगळं पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल केलं. व्हिडिओ काही पूर्ण झाला नाही. सरांना अर्धाच दाखवला.

आता हे झालं कसं, ते सांगतो. कारण चूक माझी होती, पण ती नेमकी कुठली, हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

ॲप्टला तुम्ही अपडेट म्हणता, तेव्हा ते काहीही इन्स्टॉल करत नाही. सोर्सेस लिस्टमध्ये जेवढे पत्ते आहेत, त्यांच्याकडून फक्त ताज्या याद्या आणतं. मग एकच पॅकेज दोन ठिकाणी मिळत असेल तर कुठलं घ्यायचं? त्यासाठी ॲप्ट प्रत्येक ठिकाणाला एक आकडा देतं, प्रायोरिटी. तुम्ही काही सांगितलं नसेल तर साधारण सगळ्यांना 500. आणि दोघांचे आकडे सारखे असले की ज्याचं व्हर्जन मोठं, ते जिंकतं.

आलं लक्षात? स्टेबलला 500, सिडलाही 500. सिडमध्ये जवळजवळ सगळंच जास्त नवीन. म्हणजे मला हवं होतं एक केडेनलाइव्ह, पण ॲप्टच्या हिशोबाने मी सगळ्या सिस्टिमसाठीच सिड निवडलं होतं. नव्या केडेनलाइव्हला नव्या लायब्ररी हव्या होत्या, त्यांचं माझ्या डेस्कटॉपच्या जुन्या पॅकेजेसशी जमेना, म्हणून ॲप्टने ती जुनी काढली. आणि विचारून काढली बरं का! परत खाली यायचं, म्हणजे डाउनग्रेड, ते डेबियनला अधिकृतपणे मान्यच नाही.

गंमत म्हणजे नावातच इशारा होता. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं देतात आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा पोरगा.

मग उपाय काय? सिडची ओळ ठेवायचीच असेल तर तिचा आकडा खाली आणा. इटीसी, त्यात ॲप्ट, त्यात प्रेफरन्सेस डॉट डी नावाचं फोल्डर असतं. तिथे एक छोटी फाइल करायची, तीन ओळींची. पहिलीत पॅकेज, कोलन, स्टार. दुसरीत पिन, कोलन, रिलीज ए इक्वल टू अनस्टेबल. तिसरीत पिन-प्रायोरिटी, कोलन, 100. झालं. आता स्टेबलमध्ये जे मिळतं ते स्टेबलमधूनच येणार, सिड मागच्या बाकावर. मात्र फाइल सेव्ह केल्यावर 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढं टाइप करून बघा. कँडिडेट म्हणून काय दिसतं, तेच ॲप्ट घेणार आहे.

पण खरं सांगू? नवीन असाल तर सिडच्या वाटेला जाऊच नका. पिन केल्यावरही तुम्ही मुद्दाम सिडमधून मागितलं, तर लायब्ररींचा तो लोंढा येणारच. आधी बॅकपोर्ट्समध्ये बघा. तिथली पॅकेजेस स्टेबलवर चालतील अशी पुन्हा बांधलेली असतात आणि त्यांचा आकडा मुळातच 100 असतो, पिन करायची गरज नाही. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक. डिस्कवर जागा जास्त खातं, खाऊ दे. मला त्या रात्री फ्लॅटपॅक माहीत असतं तर मी निवांत झोपलो असतो.

अजून एक, बाहेरच्या रेपॉझिटरीबद्दल. तिथलं पॅकेज इन्स्टॉल होताना त्याच्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. म्हणजे ती ओळ टाकताना तुम्ही कुणाला तरी घराची किल्ली देताय. जुन्या व्हिडिओत 'ॲप्ट-की' ही कमांड दिसेल, ती पद्धत आता बाद आहे. त्यात एकाची सही सगळ्या रेपॉझिटरींसाठी चालायची. आता सोर्सच्या ओळीतच 'साइन्ड-बाय' लिहून सांगायचं, की ही सही फक्त याच रेपॉझिटरीला लागू. किल्ली एकाच खोलीची द्यायची, एवढंच.

आणि कुठलंही इन्स्टॉल करण्याआधी कमांडमध्ये डॅश एस लावा. ॲप्ट नुसती तालीम करून दाखवतं, हात कशालाच लावत नाही. त्यात 'रिमूव्ह' शब्द शोधा. तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं, तर खरी कमांड देऊच नका.

बसमध्ये ऐकताय, लॅपटॉप जवळ नाही? एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या. त्याची 'पीकेजी' कमांड आतून ॲप्टच वापरते, त्यामुळे ॲप्ट पॉलिसी फोनवरही करून बघता येतं. मोडलंच, तर ॲपचा डेटा क्लिअर करा, सबमिशन काही बुडत नाही.

घरी गेल्यावर डेबियनवर 'ॲप्ट मू' टाइप करा. एक गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का? मग ॲप्ट पॉलिसी चालवा, आणि एखाद्या ओळीपुढे 500 बघून घाबरलात तर स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात तेच उघडून बसू.