जिना, खुर्ची आणि आपले पाय

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा तिसऱ्या मजल्याला सर्वांत जास्त मागणी होती. वारा छान, डास कमी. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारे सभासद आज समोरच बसलेत. गेल्या सर्वसाधारण सभेत त्यांच्यातल्याच दोघांनी फ्लॅट विकायचा विषय काढला. कारण एकच, जिना. लिफ्टचा ठराव झाला, मीही हात वर केला. पण लिफ्ट काही आपल्याला संडासातून उठवत नाही आणि एस.टी.ची पायरीही चढवत नाही. म्हणून आज पायांविषयी बोलणार आहे.

मी मूळचा लोणी भापकरचा. मल्लिकार्जुनाचं देऊळ, पुष्करणी, यज्ञवराहाची मूर्ती पाहायला बाहेरून लोक येतात ते गाव. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवा आठवतो. आमचा भाग मात्र जिरायती, पावसाच्या भरवशाचा. १९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. भरलेलं घमेलं मला जमिनीवरून हलायचं नाही, ती ते डोक्यावर घेऊन बायकांशी बोलत चालायची.

वडील गेल्यावर तिला इथे आणलं. "आई, लई कष्ट केलेस, आता बस." पाणी हातात, ताट हातात. झाडू घेतला की सूनबाई काढून घ्यायची. चार-पाच वर्षांत आईला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. आम्ही म्हणायचो, वयच झालं. मग एका रात्री ती बाथरूमच्या दारात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण उभं राहायला पायात ताकदच उरली नव्हती. पुढचे चौदा महिने ती अंथरुणातच होती. मी व्यायामशिक्षक! आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना बैठका मारायला लावल्या आणि घरात आईला बसवून ठेवलं. हे पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय.

आता डॉक्टर काय म्हणतात ते. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. नाव १९८९ मधलं, दुखणं मात्र जुनंच. वय थांबवता येत नाही, पण या घसरणीचा मोठा भाग नुसत्या बसण्यामुळे होतो, आणि तो भरून काढता येतो. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तीही नव्वदीत! "आता काय या वयात" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून घ्यावा.

"मी तर बारीक आहे, मला काय गरज?" असंही कुणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी एकच, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वरून बारीक, आतून चरबीचे. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. स्नायू कमी, तर साखर रक्तात फिरत राहते. ज्यांच्याकडे डायबेटिसच्या गोळ्यांचा डबा आहे त्यांच्यासाठी हे खास.

ताकद म्हटलं की आपल्याकडे जेजुरीचा खंडा आठवतो. दसऱ्याला बेचाळीस किलोची तलवार एका हातात तोलून धरणारे गडी पाहून अंगावर काटा येतो. ते आपलं काम नव्हे. आपल्याला खुर्ची पुरे.

हात छातीशी धरून खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. जमलं नाही तर सुरुवातीला हात टेका, लाजू नका. भिंतीला हात लावून दंड. ओट्याला धरून टाचा वर. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंडाचा व्यायाम. एक बाटली म्हणजे एक किलो. शेवटच्या दोन वेळा थोडं जड गेलं पाहिजे, सहज जमतंय तर काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून निदान दोन दिवस असा व्यायाम सांगितला आहे, आणि आपल्या वयाला तोल सांभाळायचाही. सकाळी चालणाऱ्या मंडळींनी रागावू नये. चालणं चांगलंच, पण एवढ्याने ताकद फारशी वाढत नाही. श्वास रोखू नका, बी.पी. चढतं. हृदयाचा त्रास किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखतात म्हणून सोडू नका. मांडी बळकट झाली की बहुतेकांचे गुडघे कमीच दुखतात.

आणि जेवणात रात्री नुसता चहा-खारी नको. भाकरीबरोबर पिठलं, हुलग्याचं माडगं, मटकी, दूध, चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रमाण विचारून घ्यावं.

येत्या मंगळवारपासून मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात वाजता, पार्किंगमध्ये. सेक्रेटरी साहेबांनी गाड्या बाजूला लावून घ्यायचं कबूल केलंय. घरून एक खुर्ची आणा, प्लास्टिकची नको, सरकते. दोन भरलेल्या बाटल्या आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही सभासदांना मी स्वतः वर जाऊन घेऊन येणार आहे. ज्यांच्या घरी आई किंवा सासूबाई आहेत त्यांनी त्यांनाही आणा, आणि घरी त्यांच्या हातातला झाडू काढून घेऊ नका.